माहेरच्या गडापासून सासरच्या घाटापर्यंत

माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर सांगलीचे. दोन्ही गावांत अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला कोयनेला पोटाशी घेते आणि सांगलीच्या घाटाच्या पायऱ्या भिजवून पुढे कर्नाटकात उतरते. म्हणजे ती आणि मी एकाच वाटेने सासरी आलो, असे मी गमतीने म्हणते. फरक एवढाच, की तिला परत माहेरी जायला एस.टी. नाही!

तर मैत्रिणींनो, यंदाच्या सुट्टीत मुलांना घेऊन दोन दिवसांचा हा प्रवास करा, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगणार आहे. महाबळेश्वर-पाचगणीला आपण सगळ्याच जातो. स्ट्रॉबेरी खातो, घोड्यावर बसून फोटो काढतो नि परत येतो. त्यात वाईट काही नाही. पण सातारा ते सांगली या पट्ट्यात पाहण्यासारखे दुसरेच काही आहे. राज्ये कशी येतात आणि कशी जातात, ते इथे पायांखाली दिसते.

याला कारण झाली माझ्या वर्गातली एक मुलगी. मी एका शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. सनावळ्या फळ्यावर लिहून झाल्या, तशी आठवीतली ही पोर उभी राहिली. म्हणाली, "बाई, १७५८ ला मराठे अटकेपर्यंत गेले आणि १८१८ ला राज्य संपलं. साठच वर्षं! एवढं मोठं राज्य साठ वर्षांत जातंच कसं? आणि मग आपला देश पण असाच जाईल का?"

पाठ्यपुस्तकात 'मराठी सत्तेच्या ऱ्हासाची कारणे' म्हणून मुद्दे असतात. ते पाठ करून गुण मिळतात. पण तिच्या दुसऱ्या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नव्हते. ते मी माझ्या माहेर-सासरच्या वाटेवर शोधत गेले. जे हाती लागले, ते तुमच्यापुढे ठेवते.

अजिंक्यतारा

पहिल्या दिवशी सकाळी उन्हे चढायच्या आत अजिंक्यताऱ्यावर जा. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, म्हणून सासूबाईंनाही बरोबर घ्यायला हरकत नाही. मात्र पाणी आणि टोप्या विसरू नका. मंगळाई देवीचे दर्शन घ्या, ताराराणींच्या वाड्याचे अवशेष पाहा आणि मग तटावर उभे राहून खाली बघा. सगळे सातारा शहर ताटात वाढल्यासारखे दिसते.

१६९९ च्या डिसेंबरात या तटावरून दिसत होती औरंगजेब बादशहाची छावणी. बादशहाचे वय तेव्हा ८१ वर्षांचे. काबूलपासून दक्षिणेपर्यंत पसरलेल्या राज्याचा हा धनी दिल्ली सोडून दख्खनला आला, तो इथेच अडकला. आपण एकेक गड घ्यायचा, मराठ्यांनी पाठीमागून तो परत घ्यायचा, असा खेळ वर्षानुवर्षे चालला. साताऱ्याला प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यातला एक उलटा फुटून तट त्यांच्याच फौजेवर कोसळला आणि त्यांची पुष्कळ माणसे गाडली गेली. अखेर १७०० च्या एप्रिलमध्ये गड पडला. त्याआधी महिनाभर राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते. गडाचे नाव झाले आझमतारा. थोड्याच वर्षांत मराठ्यांनी तो परत घेतला.

त्या वेळी राज्याचा कारभार कुणी चालवला? पंचवीस वर्षांच्या ताराबाईंनी. पदरात लहान मूल, नवरा नुकताच गेलेला, राजधानी शत्रूच्या ताब्यात. अशा स्थितीत त्यांनी सात वर्षे लढा चालू ठेवला. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) मरण पावला. पंचवीस वर्षांच्या या मोहिमेत खजिना रिता झाला होता. पुढे पन्नास वर्षांच्या आत मोगलांचे राज्य नावापुरते उरले.

म्हणजे मोठे राज्य नेहमी कमी सैन्यामुळेच जाते असे नाही. कधी कधी ते स्वतःच्याच पसाऱ्याखाली वाकते. उत्पन्न एका हाताचे आणि खर्च चार हातांचा, हा संसार फार दिवस टिकत नाही. हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको.

सामाईक विहीर

गड उतरून शहरात या. १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला. पण मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूंना पहिली लढाई करावी लागली ती चुलतीशी, म्हणजे ताराबाईंशी. घर फुटले. साताऱ्याची एक गादी, कोल्हापूरची दुसरी. १७३१ मध्ये दोघांत तह झाला आणि वारणा नदी ही हद्द ठरली. ही वारणा आजही सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांमधून वाहते. पुढे सांगलीत आपण तिला भेटणार आहोत.

शाहूंच्या काळात राज्य वाढले, हे खरेच. बाळाजी विश्वनाथ, पहिले बाजीराव, नानासाहेब असे कर्ते पेशवे लाभले. मराठी घोडी नर्मदेपलीकडे गेली. पण वाढताना एक गोष्ट आत शिरली. शिवाजी महाराजांचा कटाक्ष होता, की चाकराला पगार रोख द्यावा, मुलूख तोडून देऊ नये. राजाराम महाराजांच्या काळात, राज्य वाचवायचे म्हणून, वतने आणि मुलूख द्यावे लागले. त्या वेळी दुसरा इलाजही नव्हता. पण शत्रू गेला आणि ती सवय मात्र राहिली. ज्याने जो प्रांत जिंकला तो त्याचा सरंजाम झाला. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरचे भोसले, पटवर्धन अशी एकेक मोठी घरे उभी राहिली. चौथाई-सरदेशमुखीच्या वसुलीतला मोठा हिस्सा वाटेतच राही. मधल्या तिजोरीत थोडे येई. बाहेर एवढे यश मिळवणारे पेशवेसुद्धा सावकारांच्या कर्जात बुडालेले असत.

ही गोष्ट आपल्याला घरच्या उदाहरणाने चटकन कळते. आमच्या सासरच्या गावी भावकीच्या वाटण्या झाल्या, त्याला आता बरीच वर्षे झाली. शेतात बांध पडले, माजघरात भिंत आली, तांब्या-पितळेची भांडी तोलून वाटली गेली. विहीर मात्र सामाईक ठेवली. पहिल्या वर्षी सगळ्यांनी मिळून गाळ काढला. दुसऱ्या वर्षी बोलणे सुरू झाले, "त्यांची माणसं येत नाहीत, मग आम्हीच का राबायचं?" तिसऱ्या वर्षी ज्याने त्याने आपापल्या वाट्यात बोअर पाडून घेतली. विहीर अजून आहे. तिच्या कठड्यातून पिंपळ उगवलाय. तिच्यावर कुणी चालून आले नाही की कुणी ती बुजवली नाही. ती फक्त सगळ्यांची होती, म्हणून कुणाचीच राहिली नाही.

साताऱ्याच्या गादीचे तेच झाले. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले आणि कारभार पुण्याला गेला. ज्या ताराबाईंनी बादशहाला झुंजवले, त्यांनीच रामराजांना नातू म्हणून पुढे आणले आणि वर्षभरातच याच गडावर कैदेत टाकले. पुढचे छत्रपती पेशव्यांच्या देखरेखीत, जवळजवळ नजरकैदेत राहिले. पेशव्यांना वस्त्रे साताऱ्याहून जात, हुकूम मात्र पुण्याहून सुटत. १८१८ मध्ये इंग्रजांनी सातारा घेतले, आष्टीच्या लढाईनंतर प्रतापसिंह महाराज त्यांच्या हाती आले, तेव्हा महाराजांना दुःखापेक्षा सुटकाच वाटली असावी. स्वतःच्या घरात कैदी झालेल्या धन्याचे कुलूप काढायला परका येतो आणि धन्याला तो मित्र वाटतो, यापरते घर मोडायला आणखी काय लागते?

संगम माहुलीला

दुपारचे जेवण उरकून माहुलीला जा. साताऱ्यापासून अगदी जवळ आहे. कृष्णा-वेण्णेचा संगम, काळ्या दगडांची देवळे, नदीकाठच्या समाध्या. शाहू महाराजांची समाधी इथे आहे, ताराबाईंचीही इथेच. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई यांचे स्मारकही इथे आहे. १६८९ ला रायगड पडल्यावर त्या मोगलांच्या हाती सापडल्या आणि १७१९ मध्ये, तीस वर्षांनी सुटून आल्या. आपण दोन दिवस घराबाहेर राहायचे म्हटले तर किती जिवावर येते! मुलांना इथे एका कुत्र्याचेही स्मारक दाखवतात. ते शाहू महाराजांचे लाडके कुत्रे होते. मुले तिथून हलायला तयार होत नाहीत.

पण माहुलीला मी आवर्जून जाते ती रामशास्त्री प्रभुण्यांसाठी. हे त्यांचे गाव. १७७३ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. काका राघोबादादा गादीवर बसले. न्यायाधीश असलेल्या रामशास्त्र्यांनी चौकशी केली, खुद्द पेशव्यालाच दोषी ठरवले आणि पद सोडून ते निघून गेले. आपण मुलांना ही गोष्ट बाणेदारपणाची म्हणून सांगतो. मला आता त्यातली दुसरी बाजूही दिसते. शास्त्रीबुवा उठून गेले, कारण त्यांच्यामागे उभे राहील असे न्यायासन नव्हते. त्यांचा निवाडा त्यांच्या एकट्याच्या तेजावर उभा होता. ते गेले, की न्याय गेला. चांगल्या माणसाच्या भरवशावर चालणारे राज्य त्या माणसाच्या आयुष्याएवढेच टिकते. थोरले माधवराव १७७२ ला गेले, नाना फडणीस १८०० ला गेले, आणि दर वेळी राज्य एकेक पायरी उतरले. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी तह केला. त्यांना भीती कुणाची होती? होळकरांची. म्हणजे घरच्याच सरदाराची.

राजवाड्यातली शाळा

संध्याकाळी राजवाडा चौकात फिरा. पोरांना कंदी पेढे घेऊन द्या आणि जुना राजवाडा बघा. १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना नीरा ते वारणा एवढा मुलूख मिळाला. त्यांनी राज्य मनापासून केले. रस्ते केले, शाळा काढल्या, शहराला पाणी आणले. पण कंपनी सरकारशी बिनसले आणि १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवले. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि चौदा वर्षे दारोदार हिंडून रिकाम्या हाताने परतले. १८४८ च्या एप्रिलमध्ये महाराजांचे भाऊ शहाजीराजे वारले. दत्तक नामंजूर झाला आणि सातारचे राज्य खालसा झाले.

मैत्रिणींनो, हे १८४८ साल लक्षात ठेवा. साताऱ्याचे सिंहासन ज्या वर्षी गेले, त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. तिथे शिकवायला उभ्या राहिल्या सावित्रीबाई. त्या जन्मल्या आजच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावला, १८३१ साली. आपण दोघी आज हे मासिकाचे पान वाचतो-लिहितो आहोत, ते त्या शाळेमुळे. एक राज्य गेले, पण त्याच वर्षी दुसरे काहीतरी सुरू झाले होते. त्याची नोंद कुठल्याही दरबारात झाली नाही.

राजवाड्याची गोष्ट इथेच संपत नाही. या जुन्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव घातले गेले. तेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आता या शाळेला प्रतापसिंह महाराजांचे नाव आहे. त्या वयात त्यांना वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आपल्या जुन्या राज्यांचा आणखी एक कच्चा दुवा मला इथे सापडला. ज्या राज्यात कितीतरी माणसे उंबऱ्याबाहेर बसवलेली असतात, त्या राज्यावर संकट आले तर ती माणसे कशाला धावून येतील?

याच मुलाने मोठेपणी देशाची घटना लिहिण्याचे काम तडीस नेले. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीपुढे त्यांचे समारोपाचे भाषण झाले. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्या दिवशी त्यांनीही विचारला होता! हा देश पूर्वी आपल्याच माणसांच्या फितुरीने स्वातंत्र्य गमावून बसला, आता पुन्हा तसेच होईल का, अशी काळजी त्यांनी बोलून दाखवली. मग तीन गोष्टी सांगितल्या. भांडण सनदशीर मार्गाने भांडा. माणूस कितीही थोर असो, त्याच्या पायी आपले स्वातंत्र्य वाहू नका. आणि मताचा हक्क सारखा मिळाला तरी समाजात व पैशाअडक्यात विषमता राहिली, तर हा डोलारा टिकणार नाही.

साताऱ्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयालाही वेळ ठेवा. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे इथे मांडली होती. साताऱ्याचा पहिला इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून ती तिकडे गेली. आपल्याकडे आली ती ठरावीक मुदतीने परत करायच्या बोलीवर, म्हणजे उसनी. वाटीभर साखर उसनी आणावी तशी! हाच डफ साताऱ्याला बसून आपली कागदपत्रे जमवत होता. त्यातून त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. राज्य गेले, की वस्तू जातातच. आपली गोष्ट सांगायचे कामसुद्धा दुसऱ्याच्या हाती जाते.

वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. पकडा. २०२३ पासून आपल्याला निम्मे तिकीट आहे, तेव्हा त्याचा फायदा घ्या. कराडला उतरून प्रीतिसंगमावर न्याहारी करा. दशम्या आणि दाण्याची चटणी दोन दिवस उत्तम टिकतात. इथे यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. त्यांचा जन्म देवराष्ट्र्याचा. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. कारण १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली पडले. म्हणजे माझ्या माहेर-सासरचीही वाटणी झालेली आहे! पण या वाटणीसाठी कुणी तलवार काढली नाही.

पुढे कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र हा क्रांतिसिंह नाना पाटलांचा मुलूख लागतो. १९४२ नंतर इथल्या माणसांनी 'प्रतिसरकार' चालवले. गावोगाव न्यायदान मंडळे बसली, कमी खर्चात लग्ने लागली, सावकार आणि गुंडांना वचक बसला. बायकाही मागे नव्हत्या. नानांच्या कन्या हौसाताईंनी निरोप आणि हत्यारे पोचवण्याची कामे केली. ज्या साम्राज्याने १८४८ मध्ये कागदावर सही करून सातारा गिळले, त्याचा हुकूम शंभर वर्षांच्या आतच सातारच्या खेड्यांत चालेनासा झाला. महायुद्धाने इंग्लंड कर्जबाजारी झाले होते, हे कारण होतेच. पण लोकांनी मनातून मानणे सोडले, की सरकारची कचेरी उघडी असूनही बंदच असते.

सांगली

सांगलीत आलात की आधी गणपतीला जा. हे देऊळ बांधवले चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी. पटवर्धनांचे मूळ ठाणे मिरज. काका-पुतण्याचे पटेना, म्हणून १८०१ च्या सुमारास चिंतामणराव वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या या लहानशा गावी त्यांनी राजधानी केली. त्याआधी १७९९ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन लढाईत पडले होते, ते कोल्हापूरकरांशी लढताना. इंग्रज उंबऱ्यावर येऊन ठेपला होता आणि आपण वारणेच्या अलीकडे-पलीकडे एकमेकांची डोकी फोडत होतो. पुढे याच घराच्या सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी अशा वाटण्यांवर वाटण्या झाल्या. तासगावसारखी काही संस्थाने वारसाअभावी इंग्रजांनी गिळली.

पण लढाया संपल्यावर या संस्थानिकांनी जे केले, ते मात्र उरले. चिंतामणरावांच्या आश्रयाने १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केले आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. मिरजेत तर याहून गोड गोष्ट घडली. राज्ये बुडाली तशी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांची पोटापाण्याची सोय गेली. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी भोपळा हाती घेतला आणि तंबोरे, सतारी घडवायला सुरुवात केली. आज मिरजेचा तंबोरा देशभरच्या गवयांच्या मांडीवर असतो. सतारमेकर गल्लीत मुलांना जरूर न्या. भोपळा कसा वाळवतात, तार कशी जुळवतात, ते कारागीर कौतुकाने दाखवतात.

संध्याकाळी हरिपूरला जा. इथे वारणा कृष्णेला मिळते. जिच्या काठावर दोन छत्रपतींची हद्द पडली, ती ही वारणा. पूर्वी हरिपुरात जमिनीखाली पेवे करून त्यांत हळद साठवत. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच बुडाली.

मग आपले काय?

साम्राज्ये का जातात, यावर पुष्कळ शहाण्यांनी लिहिले आहे. चौदाव्या शतकात इब्न खल्दून नावाच्या अरब इतिहासकाराने सांगितले, की राज्य मिळवणाऱ्या पिढीत एकजूट असते, पुढच्या पिढ्या सुखाला सोकावतात आणि तीन-चार पिढ्यांत घराणे संपते. आपल्याकडे आजोबांनी मिळवले, बापाने राखले, नातवाने उडवले, असे म्हणतात, तेच हे! रोममध्ये सेनापती आपापल्या फौजा घेऊन एकमेकांवर चालून गेले, नाण्यातली चांदी कमी कमी होत गेली, आणि ४७६ मध्ये पश्चिमेकडचे साम्राज्य संपले. आपल्या डोळ्यांदेखत १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विरघळला. त्याच्यावरही परकी फौज आली नव्हती.

मग आजचा देश त्यांच्यासारखाच का? मला वाटते, रोग तेच आहेत, पण घर निराळे आहे. साम्राज्य कुणा घराण्याचे असते आणि बाकीचे त्याला खंडणी देतात. देश हा कागदोपत्री तरी सगळ्यांच्या मालकीचा आहे. याचा पुरावा पाहिजे तर आयर्विन पुलावर उभे राहून कृष्णेकडे बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिचे पाणी या पुलाशी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे आम्ही बुडतो, असे सांगलीकरांचे म्हणणे. कर्नाटकाला ते मान्य नाही. उन्हाळ्यात जत-आटपाडीला प्यायला पाणी नाही, ते दुःख वेगळेच. कृष्णेच्या पाण्यावरून राज्याराज्यांत दावे आहेत. पण दावेच आहेत! त्यासाठी १९५६ चा कायदा आहे, १९६९ मध्ये बच्छावत लवाद बसला, पुढे ब्रिजेशकुमार लवाद आला. वर्षानुवर्षे तारखा पडतात, जीव कंटाळतो. तरीही हे भांडण घोडदळाने सुटत नाही, वकील भांडतात. पूर्वी याच नदीकाठी भाऊ भावावर चालून जात असे. रामशास्त्र्यांना जे न्यायासन मिळाले नाही, ते आपल्याला मिळाले आहे. ते किती भक्कम ठेवायचे, हे मात्र आपल्यावर आहे.

कारण विहिरीचा गाळ कायद्याने निघत नाही. सरकारी शाळा ओस पडते, तेव्हा आपण आपले मूल दुसरीकडे घालून मोकळे होतो. नळाला गढूळ पाणी आले, की घरात फिल्टर बसवतो. ज्याची त्याची बोअर! नेता आपल्या जातीचा, आपल्या गल्लीतला असला, की त्याला हिशेब विचारत नाही. हीच ती वतनदारी. शिंदे-होळकरांना नावे ठेवणे सोपे असते.

साताऱ्यातली एक जागा मी मुद्दाम शेवटी सांगायला ठेवली होती. ती म्हणजे धनिणीची बाग. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली १९१९ मध्ये, कराडजवळच्या काले गावी. १९२४ ला ती साताऱ्याला आली आणि सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. एकाच पंगतीत सगळी पोरे. घरातून विरोध, गावातून विरोध आणि धान्याच्या कणग्या रिकाम्या. त्या मुलांना आईसारखे सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना विकला. शेवटी मंगळसूत्रही विकले. १९३० मध्ये त्या वारल्या. मोठमोठ्या सरदारांनी सामाईक तिजोरीतून काढून आपले वाडे भरले. या बाईने घरातले सोने काढून सामाईक कणगीत घातले. सरदारांचे वाडे पडले. रयतच्या शाळांत आजही लाखो मुले शिकतात.

माझ्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे. देश जाईल की राहील, हे ग्रहांवर नाही, अशा हातांवर ठरते. मंगळसूत्र विका असे मी कुणालाच म्हणणार नाही. पण आपण घरखर्चाच्या वहीत पै-पैचा हिशेब मांडतो. तसा वर्षातून एकदा नगरपालिकेच्या शाळेत, वाचनालयात, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जाऊन विचारावा. एकटीने जायला संकोच वाटला तर भिशीच्या चौघींनी मिळून जावे. सामाईक विहिरीवर पहिली घागर कुणीतरी नेलीच पाहिजे.

आणखी दोन सूचना. पावसाळ्यात गडावर निसरडे असते, म्हणून दिवाळीनंतर किंवा जानेवारी-फेब्रुवारीत निघा. सांगलीहून परतताना वर्षभराची हळद आणि तासगावचे बेदाणे भाव करूनच घ्या. भडंग मात्र भाव न करता घ्या. ते घरी पोचेपर्यंत उरत नाही, असा माझा अनुभव आहे.